ताईंसाठी सोपा क्लास

आमच्या टेबलावर खेळ कमी आणि किस्से जास्त होतात. दर रविवारी दुपारी अमरावतीत पवनच्या कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत आम्ही पाच जण जमतो, खतांच्या पोत्यांचा वास घेत फासे टाकतो आणि राक्षस मारतो. घरी जाताना मात्र राक्षसांपेक्षा मला ह्या चार पुरुषांचाच राग आलेला असतो! त्यातले काही राग आज मोकळे करते.

फॅन्टसी रोलप्ले गेम म्हणजे काय, तर प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि पवननं, म्हणजे गेम चालवणाऱ्यानं, समोर संकटं उभी करायची. जादू करणाऱ्या पात्रांचे वेगवेगळे क्लास, म्हणजे प्रकार, असतात. पहिल्या दिवशी पवननं वाटप केलं. अकोल्याहून येणाऱ्या वकीलसाहेबांना विझार्ड, कारण विझार्ड पोथीतून मंत्र शिकतो, रोज सकाळी त्यातले निवडून तयार ठेवतो, म्हणजे सगळ्यांत अवघड. मी हात वर केला होता. माझ्याकडे बघून पवन म्हणाला, "ताई, तुमी सॉर्सरर घ्या. त्याची जादू रक्तातच असते. सोपा क्लास हाये, डोकं लावाचं काम नाई!"

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते हो! ह्याच पवनला इंटिग्रेशन मी शिकवलंय. दोनदा.

*

आमचे गुरुजी खरोखरचे गुरुजी आहेत, लग्नं-मुंजी लावतात. त्यांना क्लेरिक मिळाला. क्लेरिकला देवाकडून मंत्र मिळतात, अख्खी यादी त्याच्यासाठी उघडी. एकदा आमच्यातल्या पप्पूभाऊंचं पात्र बाण लागून मरायला टेकलं. क्लेरिकनं जखमेवर हात ठेवायचा आणि मंत्र म्हणायचा, एवढंच काम.

गुरुजींनी डोळे मिटले. "गोत्र सांगा."

"कोनाचं?"

"तुमच्या पात्राचं. संकल्प सोडावा लागतो."

"गुरुजी, मी ड्वार्फ हाओ, डोंगरातला बुटका!"

"माहीत नसेल तर काश्यप धरतो," म्हणत गुरुजींनी पाण्याच्या बाटलीतून तळहातावर पाणी घेतलं. पवन ओरडला, "अहो, तो मरून राहिला ना तिकडं!" गुरुजी शांतपणे म्हणाले, "मरू द्या. विधी अर्धवट करत नाही मी."

यजमान गेला, पण विधी पूर्ण झाला. तरीही "गुरुजी, तुम्हाला सोपा क्लास देऊ का?" असं त्यांना कुणी विचारलं नाही. पप्पूभाऊंना नवीन पात्र घ्यायला लावलं.

*

पप्पूभाऊ धामणगावकडचे, घरची शेती. नवीन पात्र म्हणून त्यांना वॉरलॉक मिळाला. हा एका अघोरी शक्तीशी करार करतो आणि त्या बदल्यात जादू घेतो. मंत्र दोनच, पण तासभर आराम केला की परत मिळतात. पप्पूभाऊंनी सगळ्या नियमांतून आराम तेवढा पाठ केला. शत्रूच्या किल्ल्यात, दरवाज्यापलीकडे पहारेकरी बोलतायत, आणि हे म्हणतात, "थांबा, मी जरा आंग टाकतो!"

एकदा त्या अघोरी शक्तीनं त्यांना हाक मारली. पवननं आवाज खोल केला, "सेवका, वेळ आली आहे!" पप्पूभाऊंनी कानाला हात लावला आणि म्हणाले, "मी वावरात हाओ. संध्याकाळी येतो."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण ज्याला दोन मंत्र सांभाळता येत नाहीत त्याला कुणी काही बोलत नाही, आणि मला दर रविवारी "ताई, समजलं ना?"

*

आता सॉर्सररबद्दल ऐकाच. विझार्डचा मंत्र चुकला तर उद्या सकाळी तो दुसरा निवडतो. सॉर्सररला मोजकेच मंत्र येतात आणि ते असे सकाळी बदलता येत नाहीत. शिवाय जादूचे मोजके गुण खर्चून एकच मंत्र दोघांवर टाकायचा की लांबवर फेकायचा, हा हिशोब जागच्या जागी करायचा. मी एकदा अस्सा हिशोब लावला की एका फेरीत दोन पिशाच्चं आडवी!

टेबलावरून दाद आली, "ताईचं नशीब जोरात हाये!"

नशीब म्हणे!

*

आणि वकीलसाहेबांची पोथी? दुसऱ्याच महिन्यात ते म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर सुंदर हाये. माही मंत्राची वही लिहून देता का?" मी दिली. पुढे रविवारी सकाळी फोन यायला लागला, "ताई, आज कोणते मंत्र तयार ठेवू?" मी भाजी फोडणीला टाकता टाकता सांगायची. दोन वर्षं. त्या टेबलावर मला एकच गोष्ट हवी होती, तो विझार्ड. आणि तो मी माझ्याच स्वयंपाकघरातून, दुसऱ्याच्या नावानं चालवत होते.

*

मागच्या रविवारी ड्रॅगन आला. नेमकं अकोल्याला वकीलसाहेबांच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. वही खोलीवर, साहेब मांडवात. पवननं फोन स्पीकरवर लावला. "साहेब, ड्रॅगन डोक्यावर घिरट्या घालून राहिला! कोणता मंत्र टाकू?"

मागे बँड वाजत होता. साहेब ओरडले, "मले काहून इचारून राहिले? मी वही उघडूनई नाई पाह्यली. ताईले इचारा ना!"

फोन बंद. तिघं माझ्याकडे बघायला लागले. मी वही ओढली. आधी ड्रॅगनला जमिनीवर उतरवलं, मग वाट अडवली, मग बर्फ. तिसऱ्या फेरीत खलास. पवननं फळ्यावर लिहिलं, "वकीलसाहेबांच्या विझार्डनं ड्रॅगन मारला." पाच मिनिटांत ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला, "म्हणूनच म्हणतो, विझार्ड सगळ्याइले झेपत नाई!" गुरुजींनी त्यावर अंगठा दिला.

ह्या रविवारी साहेब पेढे घेऊन आले. सगळ्यांना वाटले, बसले आणि हात पुढे केला. "ताई, माही वही?"

वही माझ्यापुढे उघडी होती. मी पेढा तोंडात टाकला, माझ्या सॉर्सररचा कागद त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "हा घ्या, साहेब. सोपा हाये. डोकं लावाचं काम नाई."