मराठी कुणाला कळतंय

चांगी बिझनेस पार्कहून सेंगकांगला परतताना एक मराठी गृहस्थ मला एमआरटी मेट्रोत नेहमी भेटतात. अलीकडे ते इंटरनेटवर निनावी राहायला शिकत आहेत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी बायकोची टिकली चिकटवली आहे. फोन उघडण्यापूर्वी ते मागे वळून पाहतात. एका फोरमवर ते टोपणनावाने आपल्या मॅनेजरविषयी लिहितात, की तो टीमला शनिवारी राबवतो आणि त्याची नोंद होऊ देत नाही. पकडले गेले तर नोकरी जाईल आणि तिच्याबरोबर या परक्या देशात राहण्याचा पासही.

हे सारं, टोपणनावासकट, परवा त्यांनी मला भर डब्यात खणखणीत आवाजात सांगितलं.

"अहो, हळू," मी म्हणालो.

"मराठी कुणाला कळतंय इथे!"

समोर बसलेल्या तरुणीच्या गळ्यात त्यांच्याच कंपनीचं ओळखपत्र होतं. तिचं स्टेशन आलं तेव्हा ती त्यांच्यापाशी थांबली.

"काका, नाव तेवढं बदला. लिहिणं मात्र थांबवू नका. आमचेही शनिवार जातात."

दार बंद झालं. मग माझ्या कानाशी वाकून ते अगदी दबक्या आवाजात बोलू लागले, इंग्रजीत.