बिननावाच्या थडग्यावरचं धोतर

जर्मनच्या लढाईवर गेलेला माझा भाऊ परत आला नाही, आणि मेल्याचा निरोपही आला नाही. आम्ही नागपूरचे विणकर. घरात मागे उरलो आई, वहिनी आणि नवऱ्यानं टाकलेली मी.

कामठीच्या छावणीपलीकडे सरकारनं एक आवार बांधलं होतं. जखमी होऊन आलेले आणि नाव सांगायच्या आतच गेलेले शिपाई तिथे पुरलेले. जातधर्मच कळला नाही, तर जाळणार कसं? मधोमध दगडी खांब, भोवती बिननावाची थडगी. कोपऱ्यातलं एक आईनं आपल्या लेकाचं ठरवलं. तेच का, हे तिला विचारायची सोय नव्हती.

दर दिवाळीला ती मागावर एक धोतर विणायची आणि आम्ही तिघी टांग्यानं जायचो. आई ते थडग्यावर पांघरायची, रडायची. आमची पाठ वळली की चौकीदार ते उचलायचा आणि खुशाल नेसायचा. मला त्या माणसाचा भारी राग यायचा.

"नेसू दे वं," आई म्हणायची. "कोणाच्या तरी अंगाले लागून राहिलं."

वहिनी मात्र फाटकाबाहेरच बसून राहायची. कपाळावर ठसठशीत कुंकू. आत जायचं म्हणजे नवरा गेल्याचं कबूल करायचं, ते हिच्यानं होत नाही, असं मी धरून चालले होते. आशेनं माणूस किती खुळं होतं, असंही वाटायचं.

एका दिवाळीला आईचे गुडघे धरले, तिला टांग्यातून उतरवेना. वहिनी म्हणाली, "द्या आत्याबाई, मी पांघरून येते."

आईनं तिचा हात घट्ट धरला. "तू नको जाऊ वं. तू आत गेली तं तो मेलाच."

"मंग थडग्यावर कोणाले पांघरता दरसाल?"

आई हात सोडेना.

"थकली मी, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "मले कधीचं समजलं. तुमच्यासाठी कुंकू लावून राहिली."

धोतर मी नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी वहिनीनं कुंकू लावलं, तिसऱ्या दिवशीही लावलं. रोज सकाळी ती आरशापुढे बसली की मलाच शिणल्यासारखं व्हायचं.

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. ती गेली तेव्हा बायका तिला आंघोळ घालायला जमल्या. वहिनी आधी मोरीत गेली, कपाळ धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आता दोघांचंही सुतक धरते."