जोकिमसाठी राखलेली खुर्ची

रेकॉर्डवर सुई टेकवायच्या आधी धर्मादादा विचारत, "हा हाय का गेला?" वाजवणारा गेलेला असेल, तर डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत आणि मगच ऐकत. हयात असेल, तर टोपी डोक्यावरच. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. त्यामुळे तिकडे अमेरिकेत कोण आहे आणि कोण नाही, याची खबर ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

दादा उलव्याचे आगरी. तळोज्याला आमच्या कारखान्याचं कॅन्टीन सांभाळत. मी तिथे कारकून. त्याआधी ते मुंबईच्या एका हॉटेलात वेटर होते. तिथे रोज जॅझ वाजे. तो बॅण्ड मोडला तेव्हा त्यातला सॅक्सोफोनवाला जोकिम गोव्याला परतला. जाताना आपल्या सगळ्या रेकॉर्ड्स दादांना देऊन गेला. त्यात एक त्यानं स्वतः वाजवलेली होती. "तुझ्या पोरीच्या लग्नात येऊन वाजवीन," असा शब्दही देऊन गेला.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी आम्ही दोघं ऐकत बसायचो. मी मात्रा मोजू लागलो की दादा दटावत, "डोकं नको लावू, बाला. कान दे." एखाद्या बाईचं सोल, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं आर्त गाणं, लागलं की डोळे पुसत. "काय बोलतं ते नाय समजत, पन दुख आपल्याच घरचं हाय."

पोरीचं लग्न ठरलं. पत्रिकेसोबतचं जोकिमला धाडायचं इंग्रजी पत्र मीच लिहिलं. लग्नाला आठ दिवस उरले असताना पेपरात चार ओळी आल्या. जोकिम गेला होता. म्हटलं, एवढं कार्य पार पडू दे, मग सांगू.

दादांनी पहिल्या रांगेत जोकिमसाठी खुर्ची राखली. अक्षता पडेपर्यंत कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही. पुढे मात्र त्यांच्या तोंडी एकच, "शब्द देऊन नाय आला. वेटरच्या घरी कशाला येल तो?" आणि वर एखादी शिवी. जोकिमची रेकॉर्ड तर त्यांनी पुन्हा लावलीच नाही. मी समोर बसून गप्प. आता सांगावं, तर इतके दिवस का नाही सांगितलंस, असं विचारतील. भित्रेपणा, दुसरं काय!

दीड वर्षानं एका रविवारी राहवेना, तेव्हा सांगून टाकलं. दादांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दीड वरीस मेलेल्या मानसाला शिव्या घातल्या मी. आनि तू समोर बसून ऐकलंस."

त्या रविवारनंतर त्यांनी मला घरी बोलावलं नाही. सोमवारी कॅन्टीनमध्ये त्यांनी रोजच्यासारखा चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "घ्या, साहेब." पुढे चार वर्षं, ते जाईपर्यंत, मी साहेबच राहिलो.