चहाचा नवस आणि पुराची काच

शारजाच्या घरात दोन गोष्टी न बोलावता साठतात. खिडकीत वाळू आणि ह्यांच्या ऑफिसातले किस्से. वाळू मी रोज पुसते. किस्से पुसवत नाहीत हो!

ह्यांची कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये पूर अडवायच्या काचा बनवते. दोन जाड काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो. काच तडकली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात, भिंत उभीच! कमरेएवढी भिंत, पाणी बाहेर, माणसं आत, आणि समोरचा देखावा जसाच्या तसा.

पुण्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. ताई स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, खरं सांग. वाळवंटात पूर अडवायची काच? सुहासला तिथे नोकरी आहे ना नक्की?"

*

ताईंनी इथला तो मोठा पाऊस पाहिला नव्हता. गाड्या रस्त्यावर होडीसारख्या फिरल्या होत्या. त्यानंतर महिनाभर प्रत्येक बिल्डिंगवाल्याला पूर अडवायचा होता. मग ऊन पडलं, रस्ते सुकले आणि सगळ्यांची आठवणही सुकली. कंपनीच्या हातात एकच काम उरलं: दुबई मरीनातलं अरोराजींचं रेस्टॉरंट. पाण्याकाठच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या गच्चीला काचेची भिंत घालायची होती.

त्यातही मेख होती. काम तपासणारे कन्सल्टंट म्हणाले, "खरा पाऊस पडू दे. भिंतीने पाणी अडवलेलं मी डोळ्यांनी पाहीन, मगच सही करीन."

हे घरी येऊन सोफ्यावर बसले. "ही सही झाली तर पुढची कामं मिळतील. नाही तर कंपनी खलास. व्हिसा रद्द आणि आपण पुण्याला."

मुलगी सई लगेच म्हणाली, "बट माय स्कूल इज हिअर!"

मी दिवा लावला आणि गणरायाला सांगितलं, "बाप्पा, ह्यांच्या काचेने पाणी अडवू दे. तोवर मी चहाच्या थेंबाला शिवणार नाही."

चहा! माझा! ह्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग दोन्ही हात जोडले.

*

नवस माझा, भोगले दुसरेच. ह्यांचे फोरमन हमीदभाई आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, मूळचे रत्नागिरीचे. संध्याकाळी ह्यांच्याबरोबर हमखास चहाला येतात. आता मी चहा करायची, पण चाखायची नाही. कधी साखर दोनदा पडायची, कधी पडायचीच नाही.

आठवडाभर त्या भल्या माणसाने तो चहा तसाच घेतला. मग एकदा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, देव पावायचा तेव्हा पावेल. तोवर साखर सुहासभाऊंना तरी घालू द्या!"

त्यांच्या झुबेदाभाभींची तक्रार वेगळीच. मी पावसासाठी अथर्वशीर्षाची आवर्तनं करते हे कळल्यावर धावत वर आल्या. "अगो, तुझा बाप्पा तुझं ऐकतो. जरा हळू माग! आमची गाडी बेसमेंटात असते."

*

ह्यांच्या मोठ्या साहेबांना पाऊस येईपर्यंत धीर कुठला? त्यांनी फॅक्टरीत डेमो ठेवला. नमुन्याची भिंत उभी केली, पाहुणे बोलावले, समोसे मागवले. भिंतीवर हातोडा मारून दाखवायचा होता. पण साहेब पक्के सोलापूरचे. शुभकार्य नारळाशिवाय नाही! नारळ मीच निवडून दिला होता, चांगला खणखणीत, शेंडीसकट.

आता नारळ फोडायचा कशावर? फॅक्टरीत दगड नाही. फरशी कालच रंगवलेली, तिला डाग पडेल म्हणून साहेबांचा जीव वरखाली. मग त्यांनी दूरदृष्टी दाखवली आणि नारळ आपटला थेट काचेच्या कोपऱ्यावर! आमच्या ह्यांनी कितीदा सांगितलं होतं, "साहेब, काचेला मध्ये मारलं तर चालतं, कोपरा सांभाळायचा." पण साहेबांनी ऐकून घेतलं तर ते साहेब कसले!

टण्ण! सगळ्या काचेवर कोळ्याचं जाळं पसरलं. भिंत मात्र जागची हलली नाही. पाहुण्यांना वाटलं, हाच डेमो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी घाम पुसून भाषण ठोकलं, "बघा! फुटली, पण पडली नाही!"

नारळ त्यांच्या हातात तसाच होता. धड!

हमीदभाई अदबीने पुढे झाले. "साहेब, हातोडा तयारच आहे. नारळाला देऊ?"

*

मरीनातली भिंत उभी राहिली आणि अरोराजींचं सौंदर्यशास्त्र जागं झालं. गच्चीवरच्या पाणी वाहून जायच्या जाळ्या त्यांच्या डोळ्यात खुपायला लागल्या. त्यांनी वर हिरवंगार प्लॅस्टिकचं गवत अंथरलं, कडेकडेने चिकटवूनही टाकलं.

हे म्हणाले, "अरोराजी, आत पडलेलं पाणी त्या जाळ्यांतूनच जाणार."

"सुहासजी, पानी तो बाहर से आएगा ना? बाहर के लिए आपका ग्लास है!"

ह्यांनी घरी येऊन तेच वाक्य मला ऐकवलं. मी बाप्पापुढे आणखी एक वात वाढवली.

*

आणि एके दिवशी मोबाईल एकदम किंचाळले. पावसाचा इशारा! शाळा लगेच ऑनलाईन, झुबेदाभाभींची गाडी लगेच उंचावर. हे आणि हमीदभाई मरीनाला धावले. अरोराजींनी आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांचं ऐकलं आणि भिंतीचं काचेचं फाटक घट्ट बंद केलं.

दुपारी पाऊस आला. मी देवापुढे बसले, सई शेजारी लॅपटॉप घेऊन. "आई, इट्स रिअली रेनिंग!" मी डोळे उघडलेच नाहीत.

तिथे काय झालं ते संध्याकाळी दोघांनी मिळून सांगितलं. बाहेरच्या रस्त्यावरचं पाणी उतारावरून मजेत समुद्राकडे निघून गेलं. भिंतीपर्यंत आलंच नाही. पण वरच्या सगळ्या बाल्कन्यांचं पाणी धो धो करून अरोराजींच्या गच्चीत कोसळलं. खाली जाळ्यांवर गवत, गवताला डिंक! भिंतीच्या आत तळं झालं. उशा तरंगल्या, मेनूकार्डं तरंगली आणि अरोराजी टेबलावर चढून उभे राहिले.

पाऊस थांबून ऊन पडलं आणि कन्सल्टंट आले. इजिप्तचे, फार गंभीर गृहस्थ. बाहेर कोरड्या जागी उभे राहून त्यांनी आतलं मांडीएवढं पाणी पाहिलं. काचेच्या प्रत्येक सांध्यावरून बाहेरून बोट फिरवलं. बोट कोरडं.

हे चाचरत म्हणाले, "सर, पण पाणी आतल्या बाजूला आहे."

"हबीबी," ते म्हणाले, "वॉटर इज वॉटर. पास!"

सही झाली! सईने उडी मारली. मी बाप्पाला नमस्कार केला, आलं किसलं आणि कितीतरी दिवसांनी स्वतःसाठी चहा टाकला. पहिला घोट घेणार, तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. अरोराजी! हमीदभाईंनी त्यांना टेबलावरून उतरवताना धीर द्यायला म्हणून माझा नवस सांगून टाकला होता.

ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे बादल्यांचा आवाज येत होता.

"सुहासजी, भाभीजी को मेरा प्रणाम बोलिए। और बोलिए, अगली बार मन्नत में साइड भी बता दें!"