तानुबाईचं वारं आणि बबनरावांचा कायदा

कवठे येमाईच्या तानुबाईला फेफरं यायचं. शिरूरच्या डॉक्टरांनी ते एका भेटीत ओळखलं. गावाला ते कधीच कळलं नाही, कारण गावाला कळून घ्यायचंच नव्हतं. बाई कोसळून हातपाय झाडू लागली, की म्हणायचं बिरदेवाचं वारं आलं. मग कपाळाला भंडारा लावायचा, पुढ्यात नारळ ठेवायचा आणि तिच्या तोंडाला फेस आलेला असताना विचारायचं, "देवा, औंदा कांद्याला बाजार घावंल का?" धन्य ते भक्त!

डॉक्टरांच्या गोळ्यांनी फेफरं थांबलं, तशी दारातली गर्दीही आटली. नवरा हनुमंत. त्याला एरवी कुत्रं विचारत नव्हतं, पण देवाचा कारभारी म्हणून तो मिरवायला लागला होता. त्यानं गोळ्या आणणंच बंद केलं. तानुबाई पुन्हा पडली, तीही चुलीपुढं. हात भाजला. कडेवरची तान्ही लेक साधना पलीकडं फेकली गेली म्हणून वाचली.

"उद्या पोर जाळात पडंल वो. गोळ्या आणा," ती रडून म्हणाली.

"देवाचं वारं आडवायचं नसतं," हनुमंत म्हणाला. अशा माणसासाठी माझ्याजवळ फक्त शिव्या आहेत.

नव्व्याण्णवच्या निवडणुकीआधी बबनराव गावात आले. शिकलेले, कडक इस्त्रीचे, तिकिटासाठी धडपडणारे. पारावर कागद फडकावत म्हणाले, "मेंदूच्या आजारांवर संशोधन व्हावं, गरिबाला औषध फुकट मिळावं, म्हणून मी कायद्याचा मसुदा केलाय. फेफरं हा आजार आहे बंधूंनो, देव नव्हे!"

हा माणूस नवऱ्याला समजावील, या आशेनं तानुबाई पुढं सरकली आणि तिथंच कोसळली.

बबनरावांनी मसुदा खुर्चीवर ठेवला, चपला काढल्या आणि हात जोडून हळूच विचारलं, "देवा, तिकीट मिळेल ना?"

शुद्धीवर आल्यावर शेजारणीनं तिला हे सांगितलं. तानुबाई या वेळी रडली नाही.

बिरदेवाच्या जत्रेत ढोल घुमले आणि तानुबाई केस सोडून उभी राहिली. देव ज्याच्या अंगात येतो त्याला आपलं झाड म्हणतो, हे तिला ठाऊक होतं.

"हनुमंताऽ! माझं झाड जळालं तर मी बसू कुठं? शिरूरच्या गोळ्या आण. खंड पाडलास तर या गावात पाऊल ठिवणार न्हाई!"

नवऱ्याला अरे-तुरे करायची संधी तिला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती. ती तिनं चांगली वापरली. हनुमंत धुळीत लोळला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं शिरूरला गेला. त्यानंतर गोळ्या कधी चुकल्या नाहीत आणि तानुबाई कधी पडली नाही. देव मात्र दर जत्रेला न चुकता यायचा.

बबनराव निवडून आले. कायदा आला नाही. पुढच्या जत्रेत नारळ घेऊन वाकले, "देवा, मंत्रिपद?"

तानुबाई घुमता घुमता म्हणाली, "आदी त्यो औषधाचा कायदा आण."

तेव्हापासून बबनराव दुसऱ्या गावच्या देवाला जातात.