बाबांनी पाहिलेला बहर

आज अमरावतीला कॉलेजच्या बागेत संत्र्याच्या फुलांचा वास आला आणि मला मोर्शीजवळचं आमचं शेत आठवलं. बाबांच्या शेवटच्या वर्षी, बहर चांगला यावा म्हणून झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण दिला होता. क्षयाने खंगलेले बाबा आईला म्हणाले, "दारातल्या झाडाले आताच पाणी दे. मले फुलं पाह्याची हायेत."

"ताण पुरा नाई झाला. संत्री कमी लागतीन."

"लागतीन तेवढी तू खाजो. मी काय तोवर राह्यतो?"

आईने पाणी सोडलं.

फुलं आली तेव्हा आम्ही बाबांची बाज झाडाखाली नेली. "जलमभर फुलात फळच पाह्यलं म्या," असं म्हणून ते कितीतरी वेळ वर पाहत राहिले.

ते गेले त्या सकाळी आईने तिरडीसाठी झाडाची सगळी फुलं तोडली. फळासाठी एकही ठेवलं नाही.