ठिगळ लावलेली टाकी

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लोकांना हवेच्या टाक्या निवडून द्यायचे. गॅरेज असो की टायरचं दुकान, कॉम्प्रेसर घेताना त्यांना बोलावणं ठरलेलं. रंगाकडे ते ढुंकूनही बघत नसत. टाकीच्या भोकातून हात आत घालायचे, तळ चाचपायचे. बोटं गंजाने लाल निघाली की चालू लागायचे. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं, तळाशी साचतं आणि लोखंड आतून खातं, म्हणून आतून-बाहेरून जस्त चढवलेलीच घ्या, एवढंच त्यांचं पुराण.

मी पडलो शहाणा. त्यांना न विचारता चकचकीत निळी, जुनी टाकी माझ्या टायरच्या दुकानात आणून बसवली. कळल्याबरोबर ते सकाळीच आले, हवा सोडून दिली आणि तळाला हातोडीचा एकच घाव घातला. हातोडी आरपार गेली. ट्रक घेऊन आलेलं परगावचं गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं आणि निघून गेलं. माझं डोकंच फिरलं. हातातला चाकाचा पाना मी भावोजींच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते खाली बसले, रक्त थुंकले, दोन दात तळहातावर घेऊन बघत राहिले. वाईट वाटायचं सोडून मी आणखीच चवताळलो. तिथल्या तिथे भोकावर ठिगळ वेल्ड केलं.

भावोजी उठले आणि टाकीला पाठ टेकून बसले. बोलता येत नव्हतं. आपण तिथे असताना मी कॉम्प्रेसर चालू करणार नाही अशी त्यांची खात्री असावी.

"उठा, नाहीतर चालू करतो," मी म्हणालो.

ते उठले नाहीत. मी बटण दाबलं.

दाबाचा काटा चढत गेला. चार. सहा. तळातून सूं असा आवाज यायला लागला, तरी माणूस हलेना. तेव्हा कुठे माझी तंतरली. बटण बंद करून मी त्यांना काखेत धरून फरफटत रस्त्यावर आणलं, आणि मागे टाकी फुटली. छपराचा पत्रा उडाला, तळाचा तुकडा समोरच्या भिंतीत रुतला. माझा डावा कान कायमचा गेला.

आता दुकानात त्यांनी निवडलेली जस्त चढवलेली टाकी आहे. रोज संध्याकाळी येऊन ते तळाचा कॉक उघडतात, पाणी सोडतात. जबडा वाकडा जुळला, त्यामुळे त्यांचं बोलणं धड कळत नाही. मला धड ऐकू येत नाही. आमचं छान जमतं.

ताईला वाटतं, जबडा स्फोटात मोडला. दवाखान्यात त्यांनीच तिला कागदावर लिहून दिलं, "तुझ्या भावानं मला ओढून वाचवलं." तेव्हापासून मी घरी गेलो की ती आधी मला वाढते, आणि मी मान खाली घालून जेवतो.